दिघीची डबल बेल

१

चपला बघितल्या आणि मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "बाई बुडालेली नाही."

कुणी ऐकलं नाही. आगरदांड्याच्या धक्क्यावर तेव्हा कुणी कुणाचं ऐकण्याच्या स्थितीतच नव्हतं. दिघीहून सकाळी आलेली फेरीबोट तशीच अडवून ठेवली होती. तिच्या मागच्या कठड्याला लागून काळ्या चपलांचा एक जोड होता, तोंडं पाण्याकडे, देवळाबाहेर काढून ठेवावा तसा नीट. शेजारी एक हवालदार राखणीला उभा. खाडीत पोलिसांची बोट आणि दोन होड्या गोल गोल फिरत होत्या. धक्क्यावर मासळीवाल्या बायकांनी गळे काढले होते, कारण बुडाली म्हणतात ती बाई त्यांची होती. आवडाबाई नाखवा.

"ओ मॅडम, हात नका लावू. तुम्ही कोण?" हवालदार म्हणाला.

"नलू घरत. आणि हात मी लावलेला नाही, डोळे लावलेत. तुम्हीही लावा."

माझी ओळख करून द्यायला हवी. बसगाड्यांच्या एका मोठ्या मंडळात दक्षता अधिकारी म्हणून माझा जन्म गेला. फुकटे प्रवासी, डिझेल पिणारे मॅनेजर, खोट्या अपघातांचे खरे पैसे खाणारे, असे सगळे नग मी पकडले. आता मुरुडला राहते आणि 'आपण बाई कुणाच्या भानगडीत पडत नाही' असं सगळ्यांना सांगत असते. सकाळी मृणालीचा फोन आला तेव्हाही हेच सांगितलं, आणि बोलता बोलता स्कूटरची चावी उचलली.

मृणाली कर्णिक म्हणजे खारबंदर शहर परिवहनची व्यवस्थापक. रेवसच्या अलीकडे खाडीवर खारबंदर आहे, तिथल्या शहर बसगाड्या ती चालवते. पोरगी कडक, पण डोक्यानं चालणारी. तिनं पहिला हुकूम काढला तो मासळीवाल्यांना टोपली घेऊन बसमध्ये चढू द्यायचा. झालं! परिवहन समितीचे सभापती गणराज ठाकूर बिथरले. त्यांना किनाऱ्याच्या सगळ्या मार्गांवर खासगी कंपनीच्या एसीच्या गार गाड्या आणायच्या होत्या, आणि गार गाडीत बोंबलाची टोपली कशी चालणार? मृणालीला घालवायचा ठराव त्यांनी आणला. मतं अशी बरोबरीत अडकली होती की समितीवरची मासळीवाल्यांची सदस्य आवडाबाई हजर असेल तर ठराव पडणार आणि नसेल तर पास होणार. मतदान आज दुपारी चारला होतं.

आणि सभापतींनी काय करावं? मतदानाच्या आदल्या दिवशी अख्ख्या समितीला 'अभ्यास दौऱ्या'वर श्रीवर्धनला नेलं. समुद्र बघितला, सुरमई खाल्ली. अभ्यास तेवढा राहिला. जाताना सगळ्यांचे फोन मात्र एका पिशवीत गोळा केले, म्हणे चर्चेत व्यत्यय नको. आज सकाळी परतताना दिघीहून फेरीबोटीत बसले, आणि आगरदांड्याला उतरले तेव्हा आवडाबाई नव्हती. तिच्या चपला होत्या.

"नलूताई," मृणाली फोनवर म्हणाली होती, "माझी खुर्ची गेली तर गेली. पण त्या बायकांचं काय? आणि आवडामावशीला काही झालं असलं तर मी तोंड कुठं दाखवू?" पोरगी रडत होती. मृणालीला मी रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मी हवालदाराला म्हटलं, "आता चपलांचे तळ बघा."

त्यानं काठीनं एक चप्पल उलटी केली. तळ कोरा होता. दुकानातून आल्यासारखा.

२

"मग काय झालं?" हवालदार म्हणाला.

"स्वतःचे बूट बघा. ते पांढरे बूटवाले सभापती उभे आहेत ना, त्यांचे बघा. सकाळी ओहोटी होती. दिघीच्या उतारावरही इथल्यासारखंच मासळीचं पाणी आणि चिखल असणार. या बोटीवर चढलेल्या प्रत्येकाच्या पायाला तो लागलाय. या चपलांना नाही. म्हणजे या चपला चालत आलेल्या नाहीत, त्यांना कुणीतरी उचलून आणलंय."

मासळीवाल्यांतली नूतन नावाची एक तरणी बाई डोळे पुसत पुढं आली. "त्या मीटिंगच्या चपला हायेत मावशीच्या. हापिसात जाताना पिशवीतून काढून घालते. बाहेर रबरी घालते ती."

बरं. म्हणजे पिशवीत हात घालू शकणारं कुणीतरी. मी बोटीच्या खलाशाला, रघूला गाठलं.

"आवडाबाईला ओळखतोस?"

"तिला कोन नाय वलखत? माझी मावशीच लागते ती. सगळ्या खाडीचीच मावशी."

"बोटीवर चढते कशी?"

तो गोंधळला, मग हसला. "पयली खाली वाकून बोटीला हात लावते, कपाळाला लावते. मग मना शिवी देते. दोरी नीट बांध मेल्या, म्हनते. दर खेपेचाच हाय."

"आज दिली?"

रघूचं हसणं विरलं. "नाय. आज... नाय दिली."

कोळ्याच्या घरात जन्मलेली बाई बोटीच्या पाया पडल्याशिवाय बोटीत पाऊल टाकत नाही, मग ती होडी असो की लोखंडी फेरीबोट. सरकारनं बांधली म्हणून काय बोट देवाची राहत नाही का? आवडाबाई या बोटीवर चढलीच नव्हती.

ती दिघीलाच राहिली होती. मग तिच्याशिवाय गाडी सुटलीच कशी?

गाडीचा ड्रायव्हर काळूराम धक्क्यावर उन्हात बसवून ठेवलेला होता. पोलिसांनी नाव घेतलं नव्हतं, पण सभापती मोठ्यानं 'ड्रायव्हरचा हलगर्जीपणा' असं तिसऱ्यांदा बोलले होते. आपल्याकडे काहीही बुडालं की आधी ड्रायव्हर सापडतो. मी त्याच्या शेजारी खाली बसले.

"काळूरामदादा, दिघीत काय झालं ते सांगा. सावकाश."

"नाक्यावर चा प्यायला थांबलो, मॅडम. मंग ज्यो त्यो गाडीत बसला. मी आरशात बगितला, मागच्या शिटवर मावशीची पिशवी न शाल दिसली. 'आलं का सगलं?' मी इचारला. डबल बेल झाली. मी गाडी काढली न धक्क्यावर आनली. तितं सगली उतरली, मी मोकली गाडी बोटीवर चढवली."

"डबल बेल नक्की झाली?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच ओशाळले. "मॅडम, हयात गेली माझी. बेलशिवाय मी गाडी हालवत नाय. जुनी गाडी हाय, वरती दोरी हाय. न बेल पन कशी! नवखा मानूस देवलातली घंटा बडवतो. ही बेल तशी नव्हती. हात बसलेल्याची व्हती."

दौऱ्यावर कंडक्टर नव्हताच. मग दोरीला हात कुणाचा लागला?

३

दिघीच्या नाक्यापर्यंत त्या गाडीत होते कोण? सभापती गणराज. त्यांचा पाहुणा अल्पेशशेठ, म्हणजे त्याच गार गाड्यांचा मालक. कामगार संघटनेचा पुढारी आणि समितीचा सदस्य कमलेश भगत. मृणालीच्या हाताखालची उपव्यवस्थापक कल्पिता शेडगे. आणखी काही सदस्य मागच्या बाकांवर घोरत होते. त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. खरं सांगायचं तर समितीशीही फारसा नव्हता.

मी सगळ्यांना बोटीवरच बोलावलं आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला. गाडी सुटायची वेळ झाली की तुम्ही काय करता?

"हा काय प्रश्न झाला?" सभापती खेकसले. "आमचे ट्रक होते हो, पन्नास वर्षं मिठाची वाहतूक केली घराण्यानं. पत्र्यावर थाप मारायची, चल रे म्हणायचं, की निघाली गाडी." आणि त्यांनी बोटीच्या लोखंडावर अशी थाप मारली की हवालदार दचकला.

"आज मारली थाप?"

"नाही. मी पुढं बसून अल्पेशशेठशी बोलत होतो. बाई मागं बसलीय असंच वाटलं, पिशवी होती ना तिची!" मग आवाज उतरला. "ताई, मला ती बाई मतदानाला नको होती, खोटं कशाला बोलू? पण मेलेली नको होती हो. आमच्या आईच्या वयाची आहे."

मला त्याचं खरं वाटलं. लबाड माणूस घाबरला की अगदी सरळ बोलतो.

अल्पेशशेठ रुमालानं मान पुसत होता. "बेन, माझ्या गाड्यांमदी घंटी नाय. दार लागला की पीप वाजते, ड्रायवर निकळला. साची वात, खरा सांगतो, बसमदी मी कवा बसतच नाय. मला गाडी लागते." बस कंपनीच्या मालकाला बस लागते! मी हसू दाबलं.

कमलेशला विचारायच्या आधीच तो उसळला. "मला माहितीये तुमचं बोट कुठं येणार! मी कंडक्टर होतो, छाती ठोकून सांगतो. मॅडमनी हजेरीचं मशीन लावलं म्हणून मी त्यांच्या विरोधात आहे, तेही सांगतो. पण मी नाक्यावरून गाडीत चढलोच नाही. चालत पुढं आलो बोटीला नंबर लावायला. विचारा तिकीटवाल्याला."

बोटीबरोबर आलेल्या तिकीटवाल्यानं कपाळावर हात मारला. "हे? गाडी यायच्या आधीपासून हे माझ्याशी भांडत होते, की बसला ट्रकचा दर कसा लावता म्हणून."

तेवढ्यात पोलिसांची बोट जवळून वळली आणि तिच्या लाटेनं आमची फेरीबोट चांगलीच हेलकावली. मी कठडा पकडला. सभापतींनी मला पकडलं. अल्पेशशेठनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कल्पिता तेवढी होती तिथं उभी होती, पाय थोडे फाकवून, कशालाही न धरता, नुकत्याच परत मिळालेल्या फोनवर काहीतरी टाइप करत.

"तुम्ही काय करता, कल्पिताबाई? गाडी सुटताना?"

"मी? मी काय करणार?" ती थंडपणे म्हणाली. तलम साडी, डोळ्यांवर महागडा चष्मा. "ते घंटीबिंटीचं मला काही कळत नाही, मॅडम. तो फील्डवरच्या लोकांचा विषय. मी प्रशासन बघते."

मग तिनं सगळ्यांसाठी चहा मागवला. पैसे द्यायला पर्स उघडली, नोटा काढल्या, उभ्या घडीनं बोटांच्या बेचक्यात धरल्या आणि चहावाल्याला आधी सुटे आहेत का ते विचारलं. चहा चांगला होता. मी दोन कप प्याले.

४

आवडाबाई दिघीत आहे, एवढं कळल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पलीकडं फोन करायचा, बाईला पुढच्या बोटीत बसवायचं, झालं. मी दिघीच्या चार ओळखीच्या माणसांना फोन केले.

"आवडामावशी? नाय बगितली बा."

"आमच्याकडं नाय आली."

"कोन आवडाबाई?"

हे शेवटचं ऐकून मी समजले. दिघीच्या कोळीवाड्यात 'कोण आवडाबाई' म्हणणारं पोर अजून जन्माला यायचंय. तिला कुणी डांबून ठेवलेलं नव्हतं. ती स्वतः लपली होती, आणि सगळा कोळीवाडा तिच्यासाठी मुका झाला होता. तिथं मी जाऊन घरोघर कडी वाजवली असती तरी दार उघडलं नसतं. मी कोण? सभापतीची माणूस असेन कशावरून?

लपायला तिला सांगितलं होतं, ते तिच्या विश्वासातल्या माणसानं. त्या माणसानं तिची पिशवी बाकावर ठेवून घेतली. मग डबल बेल दिली, चपला काढून कठड्याशी मांडल्या आणि अख्ख्या पोलीस ठाण्याला पाण्यात गळ टाकायला लावलं. दिघीत शोधायचं कुणाच्या मनातही येऊ नये म्हणून. मतदान होऊन जाईपर्यंत एवढं पुरे होतं. संध्याकाळी आवडाबाई सापडली असती, हसतखेळत, आणि सगळ्यांनी देवाचे आभार मानले असते. कुणाला दोष देणार? डोकं होतं हो. चुकीच्या जागी लावलेलं, पण होतं.

कोण, ते मला चहा पितानाच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करून घेणं वेगळं. हेलकाव्यात न पडणारी बाई, उभ्या घडीच्या नोटा, यांवर मी कुणाला 'तू चोर' म्हणाले असते तर तिनं चष्मा सारखा करून मला वेड्यात काढलं असतं. आणि पुढच्या बोटीनं आवडाबाई आली नाही तर चारच्या आत खारबंदर गाठणं अशक्य होतं.

मी नूतनला बाजूला घेऊन तिच्या कानात दोन शब्द सांगितले. मग काळूरामच्या.

"मॅडम, आसा कवा केला नाय मी," तो कुरकुरला.

"आज करा. मावशीसाठी."

मग मोठ्यानं जाहीर केलं, "चला, सगळे गाडीत बसा! इथं थांबून उपयोग नाही. मतदान तरी चुकायला नको."

सभापतींचा चेहरा उजळला. कल्पिताचा नाही. ती निमूटपणे मागच्या दारानं चढली आणि उभीच राहिली.

५

काळूरामनं गाडी बोटीवरून काढून धक्क्यावर आणून लावली होती. सगळे चढले. कमलेश दाराशी, सभापती आणि अल्पेशशेठ पुढं, झोपाळू मंडळी आपापल्या जागी. मी ड्रायव्हरच्या मागं उभी राहिले आणि हात वर करून दोरी ओढली. डबल बेल.

गाडी हलली. आणि तेवढ्यात नूतन धावत आली. "थांबा थांबा, मना पन नाक्यावर सोडा!" डोक्यावर टोपली, एक हात दांडीला, एक पाय पायरीवर आणि दुसरा अजून जमिनीवर. गाडी पुढं सरकत होती.

"अरे अरे अरे!" अल्पेशशेठ ओरडला.

सभापती वळून बघेपर्यंत मात्र घंटी वाजून गेली होती. एकच. टिंग. गाडी जागच्या जागी थांबली. नूतन उडी मारून वर चढली आणि टोपली सावरत गालातल्या गालात हसली.

दोरीकडे दोन हात गेले होते. एक कमलेशचा, अर्ध्या वाटेवर अडकलेला. दुसरा त्याच्या आधी पोचलेला, अजून दोरीवर होता. त्या हातात सोन्याचं नाजूक घड्याळ होतं.

कल्पितानं वर बघितलं, स्वतःच्या हाताकडे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. हळूच खाली घेतला.

"पायरीवर माणूस असेल तर सिंगल बेल," मी म्हटलं. "अंगात भिनावं लागतं ते. घंटीचं काही कळत नाही म्हणणाऱ्या उपव्यवस्थापकबाई, कुठल्या डेपोत होता तुम्ही?"

"पेणला," ती म्हणाली. "तिकिटं फाडत होते."

कमलेश पुटपुटला, "आयला! म्हणजे आपलीच!"

"आपली नाही!" ती एकदम ओरडली. चष्मा काढला, डोळे भरून आले होते. "परीक्षा देऊन देऊन वर आले मी. रात्रपाळी करून अभ्यास केला. साहेब झाले तेव्हा ठरवलं, कंडक्टर होते हे कुणाला कळू द्यायचं नाही. कारण कळलं की मीटिंगमध्ये मागून टिंग टिंग म्हणतात. पहिल्या ऑफिसात म्हणत होते! व्यवस्थापकाची खुर्ची दोनदा माझ्या तोंडाशी आली आणि दोनदा बाहेरून माणूस आणला. मग मृणाली मॅडम आल्या, माझ्यापेक्षा लहान. आणि सभापती साहेब म्हणाले..."

"मी काय म्हणालो?" गणराज पांढरे पडले.

"तुम्ही म्हणालात, 'आवडाबाई मतदानाला नसती तर किती बरं झालं असतं, नाही का? मग खुर्ची तुमचीच होती.' एवढंच म्हणालात. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं, साहेब."

त्यांनी मान खाली घातली. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. ते नुसती इच्छा सांगतात, आणि हात काळे होतात ते खालच्यांचे.

"मी तिला बुडवलं नसतं हो!" कल्पिता माझ्याकडे वळली. "सांगितलं की मृणाली मॅडम गाडी घेऊन स्वतः न्यायला येतायत, तोवर भाचीकडे दार लावून बसा. फोन कुणाला करू नका, फोन ऐकले जातायत. त्यांनी विश्वास ठेवला. मला 'सुखी राहा' म्हणाल्या."

राग आला मला. फसवल्याचा होताच, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीचा. "अगं, लाज वाटायची तर चपला मांडल्याची वाटू दे! तिकिटं फाडल्याची कसली लाज? याच हातानं आत्ता एका बाईचा पाय वाचवला."

मी माझा फोन तिच्या हातात ठेवला. "भाचीला लाव. तुझाच आवाज लागेल तिथं."

६

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. आम्ही चारच्या आत खारबंदरला पोचलो. ठराव पडला. मृणाली आपल्या खुर्चीवर आहे, आणि किनाऱ्याच्या गाड्यांत टोपल्या चढतायत. सभापती हल्ली सांगत फिरतात की टोपल्यांची कल्पना मुळात त्यांचीच. कल्पितानं पोलिसांना आणि मृणालीला सगळं स्वतःहून सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तिची चौकशी चालू आहे, आणि ती मीच करतेय. कुणाच्या भानगडीत पडत नाही ना मी!

पण माझ्या मनात राहिलं ते त्या दुपारचं आगरदांडा.

भाची पूनमनं फोन उचलला. कल्पितानं रडत रडत दोन वाक्यं सांगितली, आणि पुढच्या बोटीनं आवडाबाई आली. धक्क्यावरच्या बायकांनी एवढा कल्ला केला की पोलिसांच्या बोटीतली माणसं गळ टाकायचं विसरली. आवडाबाई म्हणजे एवढीशी, सुकटासारखी बाई. नाकात मोठी नथ, पायात रबरी चपला चिखलानं माखलेल्या. उतरताना तिनं वळून, वाकून बोटीला हात लावला. मग धक्क्यावर दोरी धरून उभ्या असलेल्या रघूकडे बघितलं.

"दोरी नीट बांध, मेल्या!"

रघू ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि त्याच्या पाठोपाठ नूतन, आणि खरं सांगू, मीही.

हवालदाराकडून सोडवलेल्या चपला पिशवीत टाकून मी ती गाडीपाशी आवडाबाईच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चढली, आणि मधल्या वाटेत कल्पितासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीचा हात कोळणीचा, बसला असता तर चष्मा खाडीत गेला असता.

"माझ्या पोरी हितं धाय मोकलून रडत व्हत्या," आवडाबाई म्हणाली. "ह्या काळूरामाला उनात बसवला. तू मना सांगितलंस, मी ऐकलं. का ऐकलं ठाव हाय? म्हटलं, आपल्यासारखीच कुनाची तरी लेक हाय, शिकली, सायेब झाली."

"मावशी..." कल्पिताच्या तोंडून एवढंच निघालं.

"मावशी बोलू नको अजून." म्हातारीनं पिशवीतून मीटिंगच्या चपला काढल्या, झटकल्या, पायात घातल्या. रबरी चपला पिशवीत टाकल्या आणि आपल्या मागच्या बाकावर जाऊन बसली. शाल मांडीवर घेतली.

काळूरामनं गाडी चालू केली. आरशात बघितलं. "आलं का सगलं?"

सगळे आले होते. पण गाडी हलेना, कारण बेल झाली नव्हती. कमलेशनं हात वर नेला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खाली घेतला. मीही दोरीला हात लावला नाही. सगळे कल्पिताकडे बघत होते आणि ती आपल्या पायांकडे.

"काय गो," मागून आवडाबाईचा आवाज आला, "मतदान चुकवतेस का परत? दे की बेल."

कल्पितानं डोळे पुसले. पाय थोडे फाकवून उभी राहिली. पायरीकडे एकदा बघितलं, दाराकडे बघितलं, मग हात वर केला.

टिंग टिंग.

काळूरामनं गाडी काढली.